गणितातील प्रश्नाचे काठिण्य

विधान सुबोध असले म्हणजे सिद्धताही सुलभ असते, असे नव्हे. दोनहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळसंख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाख व ऑयलर यांच्या १७४२ मधील पत्रव्यवहारात उद्भवलेले अनुमान अद्यापि असिद्ध आहे. मूळसंख्येची व्याख्या गुणाकारावर आधारलेली, तर प्रश्न बेरजेचा. काठिण्याचे मूळ येथेच आहे.

पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या एक मूळसंख्या व फार तर दोन मूळ अवयवांची दुसरी संख्या यांची बेरीज असते, हे चेन जिंग्रुन यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. उरलेले अंतर एका पावलाचे दिसते. परंतु मूळ अवयव समसंख्य की विषमसंख्य, हा भेद चाळणीच्या पद्धतीला स्वबळावर करता येत नाही. तात्पर्य, येथील काठिण्य आकडेमोडीत नसून साधनाच्या मर्यादेत आहे.