मोसंबीच्या जिल्ह्यात ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा ज्या जालना जिल्ह्यात वसले आहे, तेथील मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. अशा मुलखातही ऋतू पालटला की व्यापारी कुटुंबांतून ‘क’ जीवनसत्त्वाच्या चघळावयाच्या गोळ्यांची मागणी होते. करोनाकाळापासून तर ही गोळी औषधापेक्षा घरगुती जिन्नसच होऊन बसली आहे. तिची खरोखर गरज किती, याचा हिशेब एकदा मांडणे उचित ठरेल.

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात निर्माण करतात. मनुष्याला मात्र ते अन्नातूनच मिळवावे लागते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील ब्रिटिश वैद्याने संत्री व लिंबे देऊन खलाशांचा स्कर्व्ही बरा होतो, हे दाखवून दिले. हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे ही या अभावाची लक्षणे होत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० आणि स्त्रीस ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व पुरते. शंभर ग्रॅम मोसंबीतून ते सुमारे ४५, पेरूतून दोनशेहून अधिक आणि आवळ्यातून अडीचशेच्या आसपास मिळते. म्हणजे एक मध्यम पेरू किंवा दोन मोसंबी खाल्ल्या की दिवसाची गरज भागते. ढोबळी मिरची, कोबी, शेवग्याची पाने यांतूनही भर पडते. मात्र हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. म्हणून लिंबू भाजी उतरविल्यावर पिळावे.

शाकाहारी घरांसाठी याचे आणखी एक मोल आहे. डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही; जेवणातच ‘क’ जीवनसत्त्व असल्यास ते अधिक शोषले जाते. रक्तक्षयाने ग्रासलेल्या स्त्रियांनी वरणावर लिंबू पिळण्याची जुनी रीत सोडू नये आणि जेवणालगतचा चहा टाळावा.

सर्दीचे काय? लिनस पॉलिंग या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला. पुढील चाचण्यांत मात्र, नियमित गोळी घेऊनही सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, असे दिसले. प्रौढांत तिचा कालावधी सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. सर्दी झाल्यावर सुरू केलेल्या गोळीचा खात्रीलायक लाभ आढळत नाही.

शिवाय ही काही मुदत ठेव नव्हे. मात्रा एक ग्रॅमपलीकडे गेली की निम्म्याहून कमी भाग शोषला जातो आणि शोषलेल्यातील जादा भाग मूत्रावाटे जातो. त्यातून ऑक्झलेट वाढून मूतखड्याचा धोका संभवतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पाणी कमी पिणाऱ्यांनी व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दोन हजार मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा मानली जाते.

मग गोळी कोणी घ्यावी? पर्युषणाचे आठ किंवा आयंबिल ओळीचे नऊ दिवस हिरवे वर्ज्य केल्याने निरोगी माणसाला अभाव होत नाही. शरीरातील साठा तेवढे दिवस पुरतो. परंतु आहारात हे जीवनसत्त्व जवळपास नसेल, तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे चातुर्मासाचे चारही महिने भाजी व फळे दोन्ही त्यागणारे, तसेच दातांअभावी फळे न खाणारे वृद्ध, यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान मात्रेची गोळी घेणे रास्त आहे. कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून घटक वाचूनच खरेदी करावी. इतरांना घरातील पेरू, लिंबू आणि मोसंबी पुरेशी आहे. मधुमेहींनी रसाऐवजी फोडी खाव्यात.