आनुवंशिकता, परिस्थिती आणि बालकाचे आरोग्य

'खाण तशी माती' ही म्हण खेड्यापाड्यांतून नित्य ऐकू येते. मूल अशक्त निघाले, त्याची वाढ खुंटली, वा अंगी काही व्यंग दिसले, की 'त्यांच्या घराण्यातच ते आहे' असे म्हणून विषय संपविला जातो. या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु तिने दोन प्रमाद घडतात. घरात अनेकांना असलेली प्रत्येक गोष्ट आनुवंशिक मानली जाते, आणि आनुवंशिक असेल त्यावर उपाय नाही असे धरले जाते. हे दोन्ही समज चुकीचे कसे, याची उदाहरणे नांदेड जिल्ह्यातच आढळतात.

पहिले उदाहरण दातांचे. नांदेड जिल्ह्यातील किनवट आदी भागांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड या क्षाराचे प्रमाण अधिक आहे. काही प्रकारच्या खडकांतून तो पाण्यात उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसल्यास 1.5 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे व पुढे पिवळे-तपकिरी डाग उमटतात. दीर्घकाळाने हाडे व सांधेही ताठर होतात. आई, मुले, चुलत भावंडे अशा साऱ्यांचेच दात डागाळलेले पाहून हा घराण्याचा दोष वाटतो. वस्तुतः त्या सर्वांनी वारशाने घेतलेली वस्तू एकच, ती म्हणजे पाण्याची विहीर किंवा कूपनलिका.

याची खूण शिक्षकास वर्गातच पटू शकते. कायमच्या दातांचे कवच साधारणतः वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडते. म्हणून त्या वयानंतर परगावाहून आलेल्या मुलाचे दात, पाणी तेच पिऊनही, सहसा स्वच्छ राहतात. आणि एकाच घरातील थोरल्या व धाकट्या भावांच्या दातांत, मधल्या काळी पाण्याचा स्रोत बदलला असल्यास, स्पष्ट अंतर दिसते. हे डाग घासून जात नाहीत. तेव्हा अशा मुलास 'दात घासत नाहीस' म्हणून वर्गासमोर बोलणे अन्यायाचे होय. पाणी उकळल्यानेही फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. पाण्याची तपासणी करवून घेणे व सुरक्षित स्रोताचे पाणी पिण्यासाठी राखणे, हाच खरा उपाय आहे.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. किनवट व माहूर या तालुक्यांतील गोंड, प्रधान आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो. मात्र तो केवळ आदिवासी समाजांपुरता नाही. हा विकार पूर्णतः आनुवंशिक आहे. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातापायांत, पोटात तीव्र वेदना उठतात. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक, केवळ वाहक होण्याचा चारांत दोन, व दोन्हींपासून मुक्त असण्याचा चारांत एक असतो. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते.

असा गुण समाजात टिकला कसा? 1954 साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणजे जंगलप्रदेशाच्या परिस्थितीनेच हा वारसा पिढ्यान् पिढ्या राखला.

विकार जन्मजात असला तरी त्याचे कष्ट बरेचसे परिस्थितीवर अवलंबून असतात. पाणी कमी पडणे, थंडी, ताप व अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो. अशा मुलास तहान लागताच पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाण्यास अडवू नये, उन्हात पळविण्याची शिक्षा करू नये. त्याची वारंवार होणारी गैरहजेरी आळस समजू नये. ताप किंवा तीव्र वेदना दिसताच त्यास आरोग्य केंद्रात न्यावे. 1 जुलै 2023 रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून, रक्ततपासणी हा त्याचा पाया आहे.

परिस्थितीचा प्रभाव जन्मापूर्वीच सुरू होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने 1993 पासून पुणे परिसरातील खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके अधिक भरदार आढळली. 2016 च्या दुष्काळात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अवर्षणात भाजीपाला व दूध दुर्मिळ होते, आणि त्याची झळ अजून न जन्मलेल्या बालकासही लागू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

बियाणे उत्तम असूनही पाण्यावाचून पीक सुकते, आणि हलके बियाणेही मशागतीने बऱ्यापैकी साधते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र ते पालकांस समजावून सांगावे लागते. बीज बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. पाणी, आहार, तपासणी व वर्गातील वागणूक यांकडे लक्ष देणे निश्चितच आहे. कोणत्याही मुलाविषयी 'घराण्यातच आहे' असा निर्णय देण्यापूर्वी ते कोणते पाणी पिते, काय खाते व त्याची रक्ततपासणी झाली आहे काय, एवढे तरी शिक्षकाने विचारून पाहावे.