रॉकेलची धग, लेखांक ७ : ठिणगी पडते, पण पेट घेत नाही

पंख्याच्या झोतावर चालणाऱ्या रॉकेल हीटरमधला, म्हणजे अमेरिकेत आणि कॅनडात ज्याला त्याच्या आकारावरून टॉर्पेडो हीटर म्हणतात त्यातला, स्पार्क प्लग मोटारीच्या प्लगाचा भाऊबंद असला, तरी त्याला करावे लागणारे काम बरेच वेगळे आहे. आणि हा प्लग बदलण्याची कृती जितकी सोपी, तितके तो कधी बदलावा हे ठरवणे सोपे नाही. हवापंपाच्या पात्यांवरील लेखांक वाचून मिनेसोटातील एका मराठी वाचकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. पंपाचा दाब ठीक आहे, नोझलमधून तुषार येतो, अंधारात पाहिल्यास प्लगच्या टोकांशी ठिणगीही दिसते, तरीही गॅरेजमधला हीटर नुसता पांढरा धूर ओकतो आणि बंद पडतो, मग दोष कोणाचा, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर एका परिच्छेदात उरकणे अन्यायाचे ठरेल, म्हणून आजसाठी जाहीर केलेला प्रकाशघटाचा, म्हणजे ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या फोटोसेलचा, विषय पुढील आठवड्यावर टाकून संपूर्ण लेखांक ठिणगीलाच दिला आहे.

प्रथम इंधनाकडे पाहावे लागते. अशा हीटरसाठी सांगितलेले वन-के प्रतीचे रॉकेल, म्हणजे ज्यात गंधकाचे प्रमाण वजनाने ०.०४ टक्क्यांहून अधिक नसते असे रॉकेल, किमान ३८ अंश सेल्सियस प्रज्वलनांकाचे असावे लागते. प्रज्वलनांक म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साचते ते तापमान. मिनेसोटातील जानेवारीच्या रात्री उणे २० अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा रात्री गॅरेजमधले रॉकेल आपल्या प्रज्वलनांकापेक्षा जवळजवळ ६० अंशांनी थंड असते आणि त्याच्यापाशी पेटण्याजोगी वाफ नसतेच म्हटले तरी चालेल. महाराष्ट्रातल्या घराघरांत एकेकाळी असलेला पंपाचा स्टोव्ह, ज्याचे मूळ स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांच्या १८९२ सालच्या प्रायमसमध्ये आहे, ही अडचण आधी स्पिरिटवर बर्नर तापवून आणि त्या तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ करून सोडवतो. टॉर्पेडो हीटरला मात्र बटण दाबल्यावर लगेच पेटायचे असते, त्यामुळे तो रॉकेलची वाफ न करता त्याचे अतिसूक्ष्म थेंब करतो, आणि त्या थेंबांतले नेमके ठिणगीजवळचे थोडेसे थेंब क्षणात वाफवून पेटवण्याचे काम ठिणगीवर सोपवतो. थोडक्यात, स्टोव्हमध्ये स्पिरिटची वाटी जे काम करते ते येथे ठिणगीने करायचे आहे, आणि तेही थंडगार हवेच्या झोतात उभे राहून.

हे लक्षात घेतले की ठिणगी दिसणे आणि ठिणगीने पेट घेणे या दोन वेगळ्या घटना का आहेत, ते उमगू लागते. ठिणगी पडल्यावर तिच्या वाटेवर ज्वालेचा एक इवलासा गोळा तयार होतो. त्याला ज्वालाबीज म्हणता येईल. या बीजात निर्माण होणारी उष्णता आजूबाजूला निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असेल तर ते वाढते आणि ज्योत पसरते. कमी असेल तर ते जन्मताच विझते. उष्णता पळवणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटेकरी असतो तो जवळचा थंड धातू, म्हणजे प्लगची स्वतःचीच टोके. धातूजवळ ज्योत गारठून विझण्याच्या या गुणाचा उपयोग हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्यात केला होता. दिव्याभोवतीच्या बारीक तारेच्या जाळीतून हवा आत येई, परंतु ज्योत बाहेरच्या स्फोटक वायूपर्यंत पोहोचत नसे, कारण जाळीची तार तिची उष्णता शोषून घेई. पुढे विसाव्या शतकात पिट्सबर्ग येथील अमेरिकन खाण विभागाच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड लुईस आणि गुंथर फॉन एल्बे यांनी सहकाऱ्यांसह याच गुणाची मोजदाद केली. त्यांच्या मापनांतून हे स्पष्ट झाले की दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर एका मर्यादेहून कमी केले तर ज्वालाबीज वाढवण्यासाठी ठिणगीत लागणारी किमान ऊर्जा एकाएकी वाढते, आणि इलेक्ट्रोडांचा धातू जितका रुंद पसरलेला असेल तितकी ही मर्यादा कडक होते. डेव्ही यांच्या दिव्यात जो गुण जीव वाचवतो तोच हीटरच्या प्लगात नडतो, हा या विषयातला सर्वांत देखणा भाग होय.

वाचकांच्या हीटरचे रहस्य बहुधा येथेच दडलेले आहे. प्लगची फट, जिला मेकॅनिक सरसकट गॅप म्हणतात, ती अरुंद झाली की ठिणगी अगदी सहज आणि नियमित पडते, डोळ्यांना समाधानही देते, परंतु तिच्यातून जन्मलेले बीज दोन्ही टोकांच्या धातूत गुदमरते. टोके अशी जवळ कशी येतात, तर कधी साफसफाई करताना हात लागून वाकतात, कधी त्यांच्यावर बसलेल्या कठीण कार्बनमुळे फट भरत येते, आणि कधी प्लग नवा असला तरी वाहतुकीत दबलेला असतो. त्यामुळे नवा प्लगही फट मोजल्याशिवाय बसवू नये. बाजारातल्या बऱ्याच टॉर्पेडो हीटरांच्या माहितीपुस्तिकांत ही फट ०.०५५ इंच, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर, ठेवण्यास सांगितलेले असते. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर अर्थातच तोच प्रमाण मानावा. मोटारीच्या प्लगाची फट साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, आणि मोटारीची सवय असलेले हात हीटरचा प्लगही त्याच मापाने दाबून ठेवतात. ही चूक फार वेळा होते. मोटारीच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा मिश्रण कित्येक पट दाबलेले असते, आणि फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे ठिणगीला लागणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने तेथे फट लहान ठेवावी लागते. हीटरच्या ज्वलनकक्षात दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, म्हणून तेथे रुंद फट परवडते, आणि वर सांगितलेल्या कारणामुळे ती रुंद असणेच गरजेचे असते.

फट फार रुंद झाली तर काय होते, हे तुलनेने सोपे आहे. दीड मिलिमीटरच्या आसपासची हवा भेदायला सुमारे पाच-सहा हजार व्होल्ट लागतात, आणि इग्निशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतल्या १२० व्होल्टचे उच्च व्होल्टेज करणारा भाग, तेवढे देऊ शकतो. परंतु फट वाढत गेली की ठिणगी सोपी वाट शोधते आणि टोकावरून शेजारच्या बर्नर हेडवर, किंवा तारेच्या तडकलेल्या रबरातून हीटरच्या पत्र्यावर उडी मारते. ठिणगीला आणखी एक चोरवाट असते, ती म्हणजे चिनीमातीच्या आवरणावर बसलेली काजळी. स्वच्छ चिनीमाती उत्तम विद्युतरोधक आहे, पण काजळी हा कार्बन असल्याने वीज वाहून नेतो. त्याचा थर एका टोकापासून धातूच्या बैठकीपर्यंत सलग झाला की ट्रान्सफॉर्मरची सगळी ताकद त्या थरातून निमूटपणे निघून जाते आणि फटीत काहीच घडत नाही. मेकॅनिक ज्याला प्लगला कार्बन धरला असे म्हणतात ते हेच. याच कारणासाठी चिनीमाती लोखंडी तारांच्या ब्रशने घासू नये, कारण ब्रशची तार चिनीमातीवर धातूच्या करड्या रेघा सोडते आणि काजळी काढता काढता नवी चोरवाट आखून ठेवते. कोरडे फडके पुरत नसेल तर नायलॉनचा ताठ ब्रश वापरावा. धातूच्या टोकांना मात्र बारीक कानस किंवा पॉलिश पेपर चालतो. आवरणात केसासारखी चीर दिसली तर साफसफाईचा विचार सोडून प्लग टाकून द्यावा, कारण चिरेत शिरलेला कार्बन कोणत्याही ब्रशने निघत नाही.

दोष प्लगातच आहे ना, याची खात्री लक्षणांवरून बरीचशी करता येते. मोटर फिरते, पुढून रॉकेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, म्हणजे न जळलेला तुषारच बाहेर पडतो, आणि ज्योत एकदाही दिसत नाही, अशा वेळी संशय ठिणगीवर घ्यावा. ज्योत नीट पेटते आणि काही सेकंदांनी हीटर आपोआप बंद पडतो, तर प्लगाने आपले काम केलेले असते आणि दोष बहुधा प्रकाशघटाचा असतो. धूर नाही, वास नाही, ज्योतही नाही, अशी स्थिती असेल तर पंप, गाळण्या आणि नोझल यांच्याकडेच परतावे. आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी: सर्वच टॉर्पेडो हीटरांत प्लग नसतो, अनेक मॉडेलांत ठिणगीऐवजी विजेने लाल होणारी सिरॅमिकची पट्टी असते, ती अत्यंत ठिसूळ असते आणि तिच्याबाबतीत या लेखांकातले फटीचे काहीच लागू पडत नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या आधी हीटरची वायर भिंतीतून काढावी आणि यंत्र पूर्ण गार होऊ द्यावे. वरचे कवच दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी धरलेले असते. ते उचलल्यावर मागच्या बाजूला मोटर आणि तिच्यापुढे पंखा दिसतो. पंखा काढल्याशिवाय प्लगपर्यंत बहुतेक मॉडेलांत नीट हात पोहोचत नाही. पंख्याच्या मधल्या भागात एक छोटा बिनडोक्याचा स्क्रू असतो, तो बहुधा १/८ इंचाच्या एलन कीने सैल होतो, आणि पंखा पात्यांना जोर न लावता दांड्यावरून सरळ ओढून काढायचा असतो, कारण एखादे पाते किंचित वाकले तरी पुढे यंत्र थरथरते. त्यानंतर ज्वलनकक्षाच्या मागच्या झाकणावर, म्हणजे बर्नर हेडवर, मध्यभागी नोझल आणि त्याच्या बाजूला प्लग दिसतो. प्लगाला मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन तारा असतात. तार ओढू नये, तिच्या टोकाची रबरी टोपी धरून थोडी पिळत काढावी. प्लग काही मॉडेलांत एका स्क्रूने धरलेला असतो आणि काहींत पान्याने फिरवून काढावा लागतो. जुना प्लग निघाला की तो पुसण्याआधी उजेडात धरून नीट न्याहाळावा, कारण पुसला की पुरावाही जातो.

या पुराव्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणूनच त्यावर जोर देणे भाग आहे. टोकांवर आणि चिनीमातीवर फिकट तपकिरी झाक असेल तर ज्वलन चांगले चालले होते असे समजावे. मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी भरपूर असेल तर हवा कमी पडत होती किंवा थेंब जाड होते. पंपाचा दाब मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते ५ पौंड प्रति चौरस इंच असायला हवा, आणि गाळण्या तुंबून तो उतरला की तुषार खरखरीत होतो, जाड थेंब पुरते जळत नाहीत आणि त्यांचा कार्बन प्लगावर येऊन बसतो. टोके ओली आणि रॉकेलने निथळणारी असतील तर ठिणगी बराच काळ पडतच नव्हती. काजळीचे कारण तसेच ठेवून नुसता प्लग बदलला तर नवा प्लगही त्याच वाटेने जातो. उन्हाळाभर टाकीत पडून पिवळसर झालेले रॉकेल आणि टाकीच्या तळाशी साचलेले पाणी ही या काजळीची नेहमीची उगमस्थाने होत. हंगामाच्या शेवटी टाकी रिकामी करून ठेवणाऱ्यांना हा त्रास क्वचितच होतो.

नव्या प्लगाची फट तारेच्या गेजने मोजावी. टोके वाकवायची असतील तर ती पातळ पकडीने टोकापाशीच धरून वाकवावीत, मुळाशी जोर दिला तर चिनीमाती तडकते. प्लग बसवताना त्याचा स्क्रू घट्ट झाल्यावर आणखी जोर लावू नये, कारणही तेच. मग तारा बसवाव्यात आणि पंखा परत चढवताना त्याचा छोटा स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट केलेल्या बाजूवर येतो आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे. गोल बाजूवर आवळला तर तो काही दिवसांत सैल होतो, पंखा घसरतो आणि हवा कमी पडून पुन्हा काजळीचे चक्र सुरू होते.

पहिल्यांदा पेटवताना एक दक्षता घ्यावी लागते. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत ज्वलनकक्षात न जळलेले रॉकेल साचलेले असते आणि नवी ठिणगी मिळताच ते एकदम भडकते. त्यामुळे कवच उघडे असतानाच कक्षाच्या तळाशी ओल दिसली तर ती फडक्याने टिपून घ्यावी, आणि सुरू करताना हीटरच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. गॅरेजचे दार या वेळीच नव्हे, तर हीटर चालू असेपर्यंत अंशतः उघडे ठेवावे. या हीटरांना धुराडे नसते, आणि उत्पादकांच्या सूचनांप्रमाणे दर १,००,००० बीटीयू प्रति तास क्षमतेमागे किमान ३ चौरस फुटांची मोकळी वाट ताज्या हवेसाठी लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास.

पेटवण्यापूर्वी कवच उघडे असते, तेव्हा प्रकाशघटाची छोटी काच मऊ फडक्याने पुसून घेण्याचीही तीच वेळ आहे. ती काच इतके महत्त्वाचे काम कसे करते आणि ती फसते कशी, हे पुढील लेखांकात येईल.