रंगमंचाची मांडणी आणि सुरांची राखण

गाणें कंठांतून उमटतें. परंतु तें श्रोत्यांपर्यंत सुखरूप पोहोंचविण्याची तजवीज पडदा उघडण्यापूर्वींच व्हावी लागते. गणेशोत्सवाच्या मांडवांत कित्येकदां असें दिसतें, कीं वादक येऊन बसले आहेत, श्रोते खोळंबले आहेत आणि कर्णेवाला तारांच्या गुंत्यांत सांपडला आहे. तबल्यास किती मायक्रोफोन लागतील, हें त्यास कोणीं आगाऊ कळविलेलेंच नसतें. मग पहिलीं दोन पदें शिट्ट्यांत आणि खाणाखुणांत वाहून जातात.

यावर उपाय एका कागदाचा आहे. उदाहरणादाखल भावगीतगायिकेचा एक मेळ घ्यावा. मध्यें गायिका, तिच्या उजवीकडे तबला, डावीकडे हार्मोनियम, पलीकडे बासरी आणि मागें कीबोर्ड, असा नकाशा काढावा. उजवें-डावें हें प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या कलावंताच्या हातांप्रमाणें धरावें व तसें स्पष्ट लिहावें. नाहीं तर सगळाच मंच उलटा मांडला जातो. नकाशाखालीं यादी द्यावी: कंठास १, हार्मोनियमला १, तबला व डग्गा मिळून २ आणि बासरीस १, असे ५ मायक्रोफोन, कीबोर्डच्या २ व विजेच्या तंबोऱ्याची १, अशा ३ थेट तारा. एकूण वाटा ८. एवढ्यानें कर्णेवाल्याचें अर्धें काम हलकें होतें.

गायिकेस स्वतःचा आवाज ऐकूं येणें हें तर अगत्याचेंच. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरांवर असेल, तर तिच्यावरून परतणारा सूर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरां येतो. त्यावर विसंबणारी गायिका लयींत मागें पडते. म्हणून तिच्याकडे तोंड केलेला लहान कर्णा, म्हणजे मॉनिटर, ठेवावा. पुष्कळसे मायक्रोफोन समोरचें अधिक व पाठीमागचें कमी ऐकतात. यास्तव मॉनिटर त्यांच्या पाठीशीं असावा. कर्ण्याचाच आवाज मायक्रोफोनांत पुनः शिरून फिरूं लागला, कीं ती कर्णकटु शिट्टी वाजते.

वेळेचाही हिशेब हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, खास सवलत नसल्यास, उघड्या जागीं रात्रीं १० वाजतां कर्णे बंद करावे लागतात. चांचणीस लागणारा वेळ आधींच राखून ठेवला नाहीं, तर तो गाण्यांतून कापला जातो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ण्यांतून घूं-घूं आवाज येऊं लागला, म्हणजे एखादा उतावळा मनुष्य जमिनीची तार तोडून टाकतो. आवाज कधीं कधीं थांबतोही. पण यंत्रांत बिघाड होऊन वीज धातूच्या आवरणांत उतरली, तर जमिनींत जाण्याची तिची सुरक्षित वाट बंद झालेली असते. मग मायक्रोफोनला हात लावणाऱ्याच्या देहांतूनच ती वाट काढते. दिव्यांची व ध्वनियंत्रांची वीज निराळी घ्यावी, जाणत्या तारतंत्र्यास बोलवावें. ती तार मात्र कधींही तोडूं नये. बिघडलेलें पद पुनः गातां येतें. गेलेला गायक परत येत नाहीं.