कॅमेऱ्यासमोर कोरकू स्त्रिया

• मानववंशशास्त्रीय छायाचित्र : व्यक्तीपेक्षा तिची जमात, पेहराव, दागिने नोंदवणारे चित्र.

• १८५१ : ओल्या काचेचे तंत्र. रसायन लावलेली काच वाळण्याआधी फोटो घ्यायचा, तिथेच धुवायचा. म्हणून अंधारी राहुटी सोबत न्यावी लागे.

• १८६३-६६ : विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींचा दोन भागांचा संग्रह. माणसे एका फोटोतली, पार्श्वभूमी दुसऱ्याच!

• १८६८-७५ : ‘द पीपल ऑफ इंडिया’, जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड.

• १९१६ : रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ. वऱ्हाड १९०३ पासून याच प्रांताला जोडलेले. त्यामुळे वऱ्हाडातल्या मेळघाटचे कोरकू आदिवासी आणि पूर्ण पोशाखातील कोरकू स्त्रिया यात छापलेल्या दिसतात. चित्राखाली जमातीचे नाव आहे. एकाही बाईचे नाही.