हंसांच्या जाती व त्यांचीं अंडीं

शहरांतील माणसें बदक व हंस यांत फारसा भेद करीत नाहींत. पाळणाराला मात्र तो करावाच लागतो. कारण कोंबडीप्रमाणें हंसाची मादीही बारमाही अंडीं देईल, या समजुतीनें जो हंस विकत घेतो, तो पहिल्याच वर्षीं निराश होऊन कळप मोडतो. चूक बहुधा पक्ष्याची नसते.

पाळीव हंसांचीं मूळ घराणीं दोन. जर्मनींतील एम्डन व फ्रान्समधील टूलूज या जाती करड्या रानहंसापासून निपजल्या. चिनी जाती बहुतेक सर्व पूर्व आशियांतील रानहंसापासून झाल्या असून चोचीच्या मुळाशीं असलेल्या उंचवट्यावरून त्या ओळखूं येतात. एम्डन व टूलूज अंगानें थोर; पण वर्षाकाठीं ३० ते ४० अंडीं झालीं म्हणजे पुष्कळ. हलका चिनी हंस ५०-६० पर्यंत जातो.

यावरून युरोपी तेवढे उणे व चिनी तेवढे सरस असा अर्थ कोणी घेऊं नये. क्वांगतुंग प्रांतांतील सिंहमुखी हंसाचा नर १० किलोपर्यंत भरतो. त्याची मादी मात्र २५ ते ३५ अंड्यांवर थांबते. उलट ईशान्य चीनमधील हुओयान हंस त्याच्या निम्म्याहून लहान, आणि चांगल्या खाद्यावर त्याची मादी वर्षाला सुमारें १०० अंडीं देते.

याचें एक मर्म खुडूक होण्यांत आहे. मादी साधारणतः एक दिवसाआड अंडें घालते. घरट्यांत १०-१२ अंडीं सांचलीं कीं अंगावरचीं मऊ पिसें उपटून तीं घरट्यांत पसरते व उबवावयास बसते. बसली कीं अंडीं बंद. हुओयान जातींत ही खोड जवळजवळ उरलेलीच नाहीं. इतर जातींत रोज अंडें उचलून खुणेपुरतें एक ठेवावें, म्हणजे बसणें लांबतें. काढलेलीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं ठेवतां येतात. पण एकीखालीं चार-सहांहून अधिक नकोत. शिवाय तीं जड असल्यामुळें कोंबडीच्यानें नीट उलटवत नाहींत. दिवसांतून दोन-तीनदां आपणच हातानें उलटावीं. पिलें साधारण ३० दिवसांनीं निघतात.

दुसरा भेद उजेडाचा. युरोपांत दिवस वाढूं लागला म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास अंडीं सुरू होऊन उन्हाळ्याच्या आरंभीं संपतात. क्वांगतुंगमधीलच मागांग हंसाचें याच्या नेमकें उलट: दिवस मोठे झाले कीं अंडीं थांबतात, आणि ऑगस्टच्या सुमारास सुरू झालेला हंगाम पुढील मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेव्हां रिकामें घरटें पाहून मादी वांझ ठरविण्यापूर्वीं तिची जात कोणती, हें विचारून घ्यावें.

आणखी एक घाई आम्हीं वारंवार पाहिली आहे. पहिल्या वर्षाचीं अंडीं थोडीं, लहान व पुष्कळदां निष्फळ असतात. तेवढ्यावरून मादी विकून टाकतात. तीच मादी दुसऱ्या वर्षीं अधिक घालते व पुढें कित्येक वर्षें चांगली देत राहते; तिला कोंबडीचा हिशेब लावूं नये. जड जातींत एका नरामागें दोन-तीन, हलक्या जातींत चार-पांच माद्या ठेवाव्या. जोड जमण्यास वेळ लागतो. म्हणून नर बदलावयाचा तर हंगामाच्या बराच आधीं बदलावा.