घोड्यावर बसल्याने मुलांचं गणित सुधारतं का?

लहान मुलाला घोडेस्वारी शिकवा, अभ्यास आपोआप सुधारेल, असं सांगणारे रील्स अधूनमधून समोर येतात. पेण किंवा रोह्याचा पालक असेल तर त्याला आधी वेगळाच प्रश्न पडतो. इथे घोडा आहेच कुठे? वरातीत दिसतो तेवढाच.

तर घोडा फार लांब नाही. रायगड जिल्ह्यातच माथेरान आहे, जिथे गाड्यांना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं आणि सामान पिढ्यानपिढ्या घोड्यांनी वाहिलं. आणि अलिबागचा किनारा आहे, जिथून ओहोटीला घोडागाडीने थेट कुलाबा किल्ल्यात जाता येतं.

आता दाव्याकडे येऊ. 2017 साली जपानच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 10 ते 12 वर्षांच्या मुलांना घोड्यावर बसवलं आणि उतरल्यावर लगेच चाचणी घेतली. एका खुणेला प्रतिसाद द्यायचा, दुसरीला हात आवरायचा. काही घोड्यांवर बसलेल्या मुलांना हे जास्त चांगलं जमलं. तोंडी गणितातला फरक मात्र तितका ठळक नव्हता. शिवाय सगळं मोजमाप स्वारीनंतरच्या काही मिनिटांचं. त्यावरून पहिलीतल्या मुलाच्या वर्षभराच्या प्रगतिपुस्तकाची हमी देणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घेण्यासारखं आहे.

शरीराला होणारा फायदा त्यामानाने सरळ आहे. घोडा चालताना स्वाराची कंबर जवळपास माणूस चालताना हलते तशीच हलते, आणि तोल सावरायला पाठ-पोटाचे स्नायू सतत काम करतात. म्हणूनच सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखाली घोड्याचा उपयोग केला जातो.

मग अभ्यासाचं काय? तो घोड्याच्या पाठीवर कमी आणि घोड्याच्या आजूबाजूला जास्त होतो.

अलिबागचंच उदाहरण घ्या. किल्ल्यात घोडागाडी कधी जाईल हे समुद्र ठरवतो. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास ओहोटी. मग मुलाला विचारायचं, पौर्णिमेला दुपारी बारा वाजता गाडी मिळेल का? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे समुद्र भरलेला. नाही मिळणार. पाऊणकीचा पाढा, चंद्राच्या कला आणि भूगोल, तिन्ही एका प्रश्नात. (नेमकी वेळ घोडागाडीवाल्या काकांनाच विचारावी, ठोकताळा चुकतो.)

घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. मुलाने स्वतःच्या पंजाने मोजली तर एक आकडा येतो, बाबांनी मोजली तर दुसरा. ठरलेलं माप का लागतं, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा इथे लवकर कळतं. चालीचंही तसंच. संथ चालताना पावलांचे चार ठोके, दुडक्या चालीत दोन. टाळ्या वाजवून मोजता येतात. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, यावर मोठी माणसंही वाद घालत होती. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले, तेव्हा उत्तर 'हो' निघालं.

भाषा तर भरून वाहते. खोगीर, रिकीब, लगाम, खरारा, चंदी. 'खोगीरभरती' किंवा 'घोडं कुठे अडलं' हे शब्द मुलं ऐकतात, पण खोगीर पाहिलेलं नसतं. इतिहासात स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, हा फरकही घोड्याजवळ उभं राहिल्यावर डोक्यात बसतो.

एका कामाभोवती सगळे विषय गुंफण्याची ही कल्पना पेणला परकी नाही. गांधीजींनी 1937 साली वर्ध्यात नई तालीम मांडली, तेव्हा हाच विचार 'समवाय' म्हणून पुढे आला. त्याचे मोठे पुरस्कर्ते विनोबा भावे, त्यांचा जन्म 1895 चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा.

यात एक गंमत, खरं तर खंत आहे. घोडा पाळणाऱ्या घरातलं मूल चारा किती लागेल, नाल कधी बदलायची, घोडा बिथरणार हे कानांवरून कसं ओळखायचं, हे सगळं बघत मोठं होतं. वर्गात मात्र त्याची गणना बहुतेक वेळा होत नाही. तेच शहरातल्या मुलाने पैसे भरून शिकलं की 'कौशल्य' ठरतं. पेणच्या गणपती कारखान्यात माती मळणाऱ्या मुलाचं गणितही याच रांगेतलं. त्यामुळे महागडा रायडिंग कोर्स परवडत नाही म्हणून कुणी हळहळायचं कारण नाही.

मूल घोड्यावर बसणारच असेल, तर डोक्याला नीट बसणारं हेल्मेट हवं आणि दोरी जाणत्या माणसाच्या हातात हवी. घोड्याच्या मागे उभं राहू द्यायचं नाही. त्याचे डोळे बाजूला असल्याने त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. न दिसणाऱ्या चाहुलीला तो लाथेने उत्तर देतो.